सरकारी मेनफ्रेमचं परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन करायचंय, सुरुवात कुठून करू?

ऐरोलीची_कोबोलवाली

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक प्रश्न आहे, सांभाळून घ्या. मी ऐरोलीत एका कंपनीत आहे, कोबोल (प्रोग्रामची भाषा), जेसीएल (जॉब कसा चालवायचा ते सांगणारी स्क्रिप्ट), डीबीटू (डेटाबेस) हेच काम. क्लायंट म्हणजे अमेरिकेतल्या एका राज्याचं सरकार, बेरोजगारी भत्त्याची सिस्टीम. सगळं आयबीएमच्या मेनफ्रेमवर, झेडओएस ही तिची ऑपरेटिंग सिस्टीम, ऑनलाइन व्यवहार सीआयसीएसमधून, क्लेमची मास्टर फाइल अजून व्हीसॅम (की लावून ठेवलेली फाइल) आणि पेमेंटचा भाग डीबीटूत. त्यांची रात्रीची बॅच (आपोआप चालणाऱ्या जॉबची मालिका) म्हणजे आपली सकाळची शिफ्ट, तिकडे रात्री दहाला सुरू होते तेव्हा इकडे सध्या साडेसात वाजलेले असतात, ट्रान्स हार्बरने ऐरोलीला उतरून लॉगिन करेपर्यंत पहिले जॉब सुटलेले असतात.

आता प्रॉब्लेम असा की रविवारची बॅच, म्हणजे आपला सोमवार, वेळेत संपतच नाही. त्यांच्या सकाळी सहापर्यंत संपायला हवी, कारण बॅचने फाइल धरलेली असेपर्यंत सीआयसीएसला ती अपडेटसाठी उघडता येत नाही. हल्ली साडेआठ, कधी नऊ होतात. तिकडे ऑफिसं आठला उघडतात आणि काउंटरवरच्या बाईला समोरच्या माणसाचा क्लेमच दिसत नाही. तो माणूस नोकरी गेलेला आहे, आठवड्याचा चेक का आला नाही विचारायला आलाय. मला हे खरंच टोचतं.

क्लायंटच्या मॅनेजमेंटने ठरवून टाकलंय की सीपीयू १०० टक्के दिसतोय म्हणजे मशीन कमी पडतंय, मोठं घ्या. पण सरकारी खरेदी आहे, कागद लागतो, म्हणून आमच्या टीमला सांगितलंय परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन करा आणि ट्यूनिंगने काय होईल तेही लिहा. ऑनसाइटच्या सिसप्रोगने (सिस्टीम सांभाळणारा प्रोग्रामर) आरएमएफचे (मशीनचा परफॉर्मन्स मोजणारं टूल) ढीगभर रिपोर्ट पाठवलेत, मी आजवर प्रोग्रामच्या बाजूनेच काम केलंय त्यामुळे त्यातलं नेमकं काय वाचायचं, कशाच्या आधारावर मशीन कमी आहे किंवा नाही म्हणायचं हे कुणी अनुभवी सांगेल का? टूल्समध्ये आरएमएफ, एसएमएफ (सिस्टीम स्वतः ठेवते त्या नोंदी) आहे, डीबीटूचा मॉनिटर आहे, बाकी फॅन्सी काही नाही.

बॅचवाला_ठाणे

ताई, पहिली गोष्ट, मेनफ्रेमवर सीपीयू १०० टक्के हा आजार नाही. ते मशीन तसंच चालवायला बनवलंय. डब्ल्यूएलएमचं (कामांचा अग्रक्रम ठरवणारा सिस्टीमचा भाग) कामच ते की महत्त्वाचं काम आधी आणि बिनमहत्त्वाचं काम उरलेल्या फटीत, त्यामुळे फट उरत नाही आणि आलेख वर चिकटलेला दिसतो. प्रश्न विचारायचा तो असा की १०० टक्के असताना कुणाला थांबावं लागलं.

त्यासाठी आरएमएफचा वर्कलोड ॲक्टिव्हिटी रिपोर्ट उघडा, तो एसएमएफच्या टाइप ७२ मधून येतो. प्रत्येक सर्व्हिस क्लासपुढे (सारखं गोल असलेल्या कामांचा गट) परफॉर्मन्स इंडेक्स दिसेल. १ किंवा कमी म्हणजे ठरवलेलं गोल गाठलं, १ च्या वर म्हणजे नाही गाठलं. तिथेच डिलेचे टक्के असतात, सीपीयू डिले किती, कॅपिंग (सीपीयू वापरावर घातलेली मर्यादा) डिले किती वगैरे. तुमची पेमेंटची बॅच कुठल्या सर्व्हिस क्लासमध्ये पडते ते आधी शोधा. मी अशा ठिकाणी काम केलंय जिथे सगळी बॅच एकाच क्लासमध्ये कोंबलेली होती, पैसे वाटणारा जॉब आणि कुणीतरी महिन्यातून एकदा बघणार असा रिपोर्ट, दोघांना सारखाच मान. तिथे नवीन मशीन आणून काही होत नाही, क्लास वेगळे करून इम्पॉर्टन्स नीट द्यावा लागतो.

दुसरं म्हणजे क्रिटिकल पाथ. रात्रीत शेकडो जॉब धावत असतील पण शेवटची वेळ ठरवणारी साखळी एकच असते. शेड्युलरमधून शेवटच्या जॉबपासून मागे मागे जा, कोण कुणासाठी थांबला होता. त्या साखळीत नसलेला जॉब अर्ध्या वेळात आणला तरी फाइल उघडायची वेळ एक मिनिटही पुढे येणार नाही. फास्ट लोकल अजून फास्ट केली म्हणून दादरच्या पुलावर अडकलेला माणूस लवकर घरी पोचत नाही, तसंच आहे हे.

साखळी सापडली की त्यातल्या प्रत्येक स्टेपचा एसएमएफ टाइप ३० काढा, सबटाइप ४ म्हणजे स्टेप संपतानाचा आणि ५ जॉबचा. इलॅप्स्ड (घड्याळाचा वेळ) किती, सीपीयू किती, एक्सीपी (फाइल वाचण्या-लिहिण्याच्या खेपा) किती. इलॅप्स्ड दोन तास आणि सीपीयू बारा मिनिटं असेल तर तो जॉब सीपीयूवाला नाहीच, तो कशाची तरी वाट बघतोय. डिस्कची, लॉकची, दुसऱ्या जॉबने धरलेल्या डेटासेटची, एचएसएमने (न वापरलेल्या फायली हलवणारा प्रोग्राम) टेपवर नेलेली फाइल परत यायची, इनिशिएटर (जॉब चालायची जागा) मोकळा व्हायची. मला तर अर्ध्या वेळेला या शेवटच्या तीन गोष्टीच सापडतात, आणि त्या कुठल्याच प्रोग्राममध्ये नसतात म्हणून कुणी बघत नाही.

अजून एक, एकदम महत्त्वाचं. पार्टिशन डेटा रिपोर्टमध्ये कॅपिंगचा कॉलम बघा आणि सीपीयू ॲक्टिव्हिटीमध्ये एलपार (मशीनचा वाटून दिलेला भाग) बिझी आणि एमव्हीएस (ऑपरेटिंग सिस्टीमच्या नजरेतून) बिझी हे दोन वेगळे आकडे बघा. एमव्हीएस बिझी १०० च्या जवळ आणि एलपार बिझी बराच खाली असेल तर इथे परत येऊन सांगा, मग वेगळीच गोष्ट निघेल.

डीबीए_डोंबिवली

वरच्या उत्तराशी सहमत. डीबीटूच्या बाजूचं मी सांगते.

अकाउंटिंग रिपोर्ट घ्या पेमेंटच्या प्लॅनचा (डीबीटूतली त्या प्रोग्रामची नोंद) आणि क्लास १, २, ३ वेगवेगळे वाचा. क्लास १ म्हणजे थ्रेडचा (प्रोग्रामची डीबीटूशी जोडणी) एकूण वेळ, क्लास २ म्हणजे त्यातला डीबीटूच्या आत गेलेला, क्लास ३ म्हणजे आत गेल्यावर ताटकळलेला. १ मधून २ वजा केलं की तुमच्या कोबोलचा आणि व्हीसॅमचा वेळ येतो. तोच मोठा असेल तर एसक्यूएलच्या मागे लागू नका, उगीच आठवडे जातात. क्लास २ इलॅप्स्डमधून क्लास २ सीपीयू आणि क्लास ३ वजा केल्यावर बरंच काही उरत असेल तर प्रोग्रामला सीपीयू मिळत नव्हता असं बहुतेक वेळा निघतं, आणि तो आकडा तुमच्या मशीनवाल्या वादात कामाला येईल.

क्लास ३ मध्ये फोड असते. सिंक्रोनस आयओ (डिस्कवरून वाचून होईपर्यंत थांबणं) जास्त असेल तर ॲक्सेस पाथ (डेटाबेस कुठल्या वाटेने डेटा शोधतो) बघा, एक्स्प्लेन करा, टेबल वाढत गेलं आणि रनस्टॅट्स (टेबलाची आकडेवारी गोळा करणं) कुणी केलेच नाहीत असं सरकारी सिस्टीममध्ये फार दिसतं. पण रनस्टॅट्स केले आणि धडाधड रीबाइंड (पाथ नव्याने ठरवणं) केलं असं करू नका हं, जुना पॅकेज राखून ठेवा, पाथ बिघडला तर रीबाइंड स्विचने मागे जाता येतं. लॉग राइटचा वेट जास्त असेल तर कमिट (बदल पक्के करणं) दर ओळीला होतोय का बघा. लॉक वेट असेल तर बरोबर उलटं, कमिट होतच नाहीये किंवा तासाने होतोय. कमिटचा आकडा प्रोग्राममध्ये कोरून ठेवू नका, पॅरामीटर करा, आणि रीस्टार्ट लॉजिक असल्याशिवाय त्याला हात लावू नका. पैसे वाटणारा जॉब मध्येच पडला आणि परत पहिल्यापासून सुटला तर एकाच माणसाला दोनदा भत्ता जाईल, मग ते सरकार त्याच्याकडून वसूल करणार, तो बिचारा आधीच कुठून आणणार.

गोरेगाव_क्लाउड

मला कळत नाही एवढं खोदण्यापेक्षा सरळ जावात आणून क्लाउडवर का नेत नाहीत. जितकी युनिट लागतील तितकी वाढवता येतात. २०२० च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरना कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक मारावी लागली होती, हे सगळ्यांनी बघितलंय. माणसंच मिळणार नसतील तर ट्यूनिंग करून किती दिवस काढणार?

बॅचवाला_ठाणे

@गोरेगाव_क्लाउड माणसांचा मुद्दा खरा आहे, त्यावर वाद नाही. पण ताईचा माणूस या सोमवारी काउंटरवर उभा आहे आणि मायग्रेशनला वर्षं लागतात. शिवाय साखळी एकामागे एक धावणारी असेल तर युनिट वाढवून ती छोटी होत नाही, १९६७ मध्ये अमडालने हेच मांडलं, जो भाग वाटून करता येत नाही तोच शेवटी वेळ ठरवतो. मेनफ्रेमलाही तेच लागू आहे. एक कोबोल जॉब एका वेळी एकाच इंजिनावर (प्रोसेसरवर) धावतो. त्यामुळे मोठं मशीन म्हणजे इंजिनं जास्त की प्रत्येक इंजिन जास्त वेगाचं, हे कागदावर स्पष्ट लिहा ताई. एकूण एमआयपीएस (मशीनच्या ताकदीचं माप) वाढले पण एका इंजिनाचा वेग तोच राहिला तर तुमचा लांब जॉब तितकाच लांब राहील.

ऐरोलीची_कोबोलवाली

सगळ्यांचे खूप आभार, आज दिवसभर तेच काढत बसले होते.

दादा तुम्ही म्हणालात तसंच आहे! रविवारी रात्री साडेदहा अकरापासून एमव्हीएस बिझी ९९-१०० आणि एलपार बिझी त्यापेक्षा बराच खाली. पार्टिशन रिपोर्टमध्ये कॅपिंगचा डब्ल्यूएलएम टक्का मंगळवार ते शुक्रवार शून्य आणि रविवारी रात्री पहाटेपर्यंत भरलेला. सिसप्रोगला विचारलं तर म्हणाला एलपारला डिफाइन्ड कपॅसिटी लावलीय, लायसन्सचं बिल कमी राहावं म्हणून, बऱ्याच वर्षांपूर्वी कुणीतरी लावली.

क्रिटिकल पाथमध्ये दोन जॉब मोठे निघाले. एक व्हीसॅम मास्टर अपडेट करणारा, इलॅप्स्ड खूप, सीपीयू अगदी थोडा, एक्सीपी प्रचंड. दुसरा पेमेंट कॅल्क्युलेशन, तो खरंच सीपीयू खातो. आता याचा अर्थ कसा लावू?

बॅचवाला_ठाणे

मग मशीन संपलेलं नाही, परवानगी संपलीय. डिफाइन्ड कपॅसिटी म्हणजे त्या एलपारच्या मागच्या चार तासांची सरकती सरासरी ठरवून दिलेल्या एमएसयूच्या (सीपीयू वापराचं माप) आकड्यावर गेली की डब्ल्यूएलएम त्याला त्या आकड्यावर दाबून धरतो. मशीनमध्ये इंजिनं रिकामी असली तरी देत नाही. आणि मोठं मशीन घेऊन हा आकडा तोच ठेवला तर दाबलेलं दाबलेलंच राहील, एवढं एक वाक्य रिपोर्टच्या पहिल्या पानावर टाका.

आता चार तासांची सरासरी आहे म्हणजे दहा वाजता सुरू होणाऱ्या बॅचची शिक्षा संध्याकाळी सहापासून जमत असते. रविवारी लोक आठवड्याचं सर्टिफिकेशन भरतात ना, ऑनलाइनचा लोड तोच दिवस. तो कमी करायचा नाही, ती माणसं आहेत. पण त्याच वेळात अजून काय धावतं ते टाइप ३० मधून काढा, संध्याकाळी सहा ते दहा, सीपीयूप्रमाणे उतरत्या क्रमाने. मला खात्री आहे तिथे कुठलेतरी एक्स्ट्रॅक्ट आणि साप्ताहिक रिपोर्ट असणार जे सोमवारी दुपारी धावले तरी चालतील. ते हलवले तर बॅच सुरू होताना सरासरी खाली असेल आणि कॅप उशिरा चावेल, कदाचित चावणारही नाही.

बिलाचं कसं आहे तेही विचारून घ्या. जुन्या पद्धतीत महिन्यातला त्या सरासरीचा सर्वात उंच ठोका बिल ठरवतो, पण आयबीएमने २०१९ पासून टेलर्ड फिट प्रायसिंग आणलंय, त्यात तो हिशोब वेगळा. क्लायंट त्यावर गेला असेल आणि कॅप तशीच राहून गेली असेल तर ती कशासाठी आहे हे कुणालातरी विचारावंच लागेल.

व्हीसॅम_विक्रोळी

व्हीसॅमवाल्या जॉबवर मी बोलतो, हा माझा आवडीचा विषय आहे.

सीपीयू कमी आणि एक्सीपी प्रचंड म्हणजे तो फाइलवर रँडम उड्या मारतोय. इनपुट ट्रान्झॅक्शन कुठल्या क्रमाने येतात बघा. क्लेम नंबरच्या क्रमाने नसतील तर आधी एक सॉर्ट स्टेप टाका आणि मास्टरच्या कीच्या क्रमाने द्या, त्याच सीआयमधले (फाइलचा एका वेळी वाचला जाणारा तुकडा) रेकॉर्ड लागोपाठ येतात, तोच बफर (मेमरीतली जागा) परत परत वापरला जातो. एवढ्याने जो फरक पडतो तो बघून डोळ्यात पाणी येतं, खरंच.

मग बफर. जेसीएलच्या डीडीवर (फाइल सांगणारी ओळ) एएमपी पॅरामीटरमध्ये काहीच दिलं नसेल तर डिफॉल्टला दोन डेटा बफर आणि एक इंडेक्स बफर मिळतो. एक! रँडम वाचनाला इंडेक्सच्या सगळ्या पातळ्या दर वेळेला डिस्कवरून किंवा कॅशमधून आणतो तो. रँडम असेल तर इंडेक्स बफर वाढवा, सिक्वेन्शियल असेल तर डेटा बफर वाढवा. बीएलएसआर ही सोय वापरता येत असेल तर प्रोग्रामला हात न लावता जेसीएलमधूनच एलएसआर पूल (सामायिक बफर) देता येतो, रँडमला तो उत्तम. लिस्टकॅट (फाइलची माहिती देणारी कमांड) काढून सीआय स्प्लिट आणि सीए स्प्लिट (जागा न उरल्याने फुटलेले लहान आणि मोठे तुकडे) बघा, सीए स्प्लिट वाढलेले असतील तर फाइल रीऑर्ग करून (नव्याने मांडून) फ्रीस्पेस जिथे नवीन क्लेम येतात त्या हिशोबाने ठेवा. नवीन नंबर नेहमी शेवटीच जमा होत असतील तर मध्ये फ्रीस्पेस सोडून नुसती जागा वाया.

साध्या फायलीही बघून घ्या. जुन्या जेसीएलमध्ये ८० लांबीच्या फाइलला ब्लॉकसाइझ ८० च लिहिलेला मी अजूनही बघतो. म्हणजे ब्लॉकमध्ये एकच रेकॉर्ड. ३३९० डिस्कला अर्ध्या ट्रॅकमध्ये २७९९८ बाइट बसतात, ८० ने भाग जाणारा त्यातला सर्वात मोठा आकडा २७९२०, म्हणजे एका ब्लॉकमध्ये ३४९ रेकॉर्ड. ब्लॉकसाइझ शून्य द्या, सिस्टीम स्वतः ठरवते. फक्त ते सिक्वेन्शियल फायलींचं, आणि प्रोग्राममध्ये ब्लॉक कंटेन्स शून्य आहे का तेवढं तपासा, नाहीतर उघडतानाच पडेल.

कॅल्क्युलेशनचा जॉब सीपीयू खातो म्हणताय तर तो कुठल्या कंपायलरचा आहे? जुन्या कोबोल ४ चा असेल तर ६ मध्ये ऑप्टिमाइझ लावून परत कंपाइल केला की आकडेमोड जास्त असलेल्या प्रोग्रामला चांगला फायदा होतो. ट्रंक बिन आणि एसएसरेंज हे कंपायलरचे पर्याय उगीच लागलेत का तेही बघा. दोन खबरदाऱ्या. आर्च लेव्हल (कुठल्या पिढीच्या मशीनसाठी कंपाइल करायचं) तुमच्या डीआर (आपत्तीत वापरायच्या) साइटच्या मशीनपेक्षा वरची देऊ नका, ड्रिलच्या दिवशी सगळं ०सी१ एररने (मशीनला न कळणारी सूचना) पडेल. आणि झोन्ड (अंकांच्या) फील्डमध्ये कचरा डेटा असेल तर जुना कंपायलर जे गपचूप चालवून घेत होता ते नवीन घेईलच असं नाही, त्यामुळे पॅरलल रन करून पैशाचा पैसा जुळवल्याशिवाय लाइव्ह नको.

निवृत्त_माहीमकर

मी बरीच वर्षं सरकारी डेटा सेंटरात काढली, आता घरी असतो. मुलगी चांगले प्रश्न विचारतेय म्हणून लिहितो, ट्यूनिंग वरच्या मंडळींनी सांगितलंच आहे, मी रिपोर्टचं सांगतो.

सरकारला नवीन मशीन हवं असतं आणि पुरावा मागितला जातो हे नवीन नाही बाळ. अमेरिकेत १९६५ च्या ब्रूक्स कायद्याने सरकारी संगणकाची खरेदी एका छताखाली आणली आणि १९७२ मध्ये फेडसिम नावाची संस्थाच उभी केली, नावातच परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन आणि सिम्युलेशन होतं. दुसऱ्या खात्यांनी बोलवायचं आणि यांनी जाऊन मोजायचं. तेव्हा मशीनला हार्डवेअर मॉनिटरचे प्रोब लावून चॅनल किती वेळ बिझी हे मोजत. आपल्याकडे कुलाब्याला टीआयएफआरमध्ये १९६४ ला सीडीसी ३६०० आलं तेव्हा देशभरातले लोक त्यावर काम घेऊन येत, मशीनचा तास कुणाला मिळावा हा तेव्हाही खरा प्रश्न होता. त्यामुळे तुझा रिपोर्ट कुठल्या ओळीत बसतो ते लक्षात घेऊन नीट लिही.

पहिलं पान सेवेचं असू दे, सीपीयूचं नको. सकाळी सहाला फाइल उघडायला हवी, उघडते कधी, त्यामुळे काउंटर किती वेळ बंद. हे वाचून खात्याचा माणूस पुढचं पान उलटेल. दुसरं, बेसलाइन. कुठला एक वाईट दिवस घेऊन लिहू नकोस, सलग काही आठवडे घे, त्यात महिनाअखेर आणि सुट्टीनंतरचा दिवस येऊ दे, आणि सरासरी देऊन थांबू नकोस. महिन्याच्या सरासरीत तुझा रविवार बुडून जातो, तोच तर दाखवायचाय. आरएमएफचा इंटरव्हल पंधरा मिनिटांचा असेल तर तसाच ठेव, तासाचा करून गुळगुळीत करू नकोस.

तिसरं, आकडा कामाच्या मापात दे. नुसतं सीपीयू सेकंद वाढले म्हटलं तर क्लेम वाढले असतील म्हणून वाढले. हजार क्लेममागे किती सीपीयू सेकंद, हजार पेमेंटमागे किती एक्सीपी. हे माप हातात असेल तर बदलानंतरही तुलना टिकते, आणि उद्या बेकारी वाढून क्लेम दुप्पट झाले तर काय होईल याचंही उत्तर त्यातून काढता येतं. गोरेगावच्या गृहस्थांना सांगतो, क्लाउडवर न्यायचं ठरलं तरी हेच माप लागणार, नाहीतर तिकडे किती युनिट घ्यायची हे कशावरून ठरवणार?

आणि एका वेळी एकच बदल. कॅपचा, सॉर्टचा, कंपायलरचा सगळा एकत्र लावला तर फायदा कशाने झाला ते सांगता येत नाही आणि काही बिघडलं तर कशाने तेही नाही. ऑडिटर विचारतोच.

ऐरोलीची_कोबोलवाली

काका, नमस्कार तुम्हाला. पहिलं पान आजच परत लिहिलं, तुम्ही म्हणता तसं काउंटरपासून सुरू केलं.

क्रम असा धरलाय, आधी रविवार संध्याकाळचे रिपोर्ट जॉब हलवायचे कारण त्यात कोड बदल नाही, दोन रविवार बघायचं, मग व्हीसॅमचा सॉर्ट आणि बफर, मग डीबीटूचं जे निघेल ते, कंपायलर सगळ्यात शेवटी कारण टेस्टिंग मोठं आहे. मशीन घ्यावं की नाही हे त्यानंतरच्या आकड्यांवर सांगू असं लिहिलंय. टाइप ३० मधून सहा ते दहाची यादी काढली, वरचे तीन जॉब एका सांख्यिकी विभागाचे आहेत आणि त्यांचा आउटपुट सोमवारी कुणी उघडतं का ते ऑनसाइटला विचारलंय. अजून एक शंका, झिप प्रोसेसर (ठराविक कामांसाठीचा वेगळा प्रोसेसर) आहे मशीनमध्ये, कॅल्क्युलेशनचा जॉब त्यावर टाकता येईल का म्हणजे कॅपमध्ये धरला जाणार नाही?

बॅचवाला_ठाणे

नाही, साधं कोबोल झिपवर जात नाही. जावा, एक्सएमएल पार्सिंग, डीबीटूला बाहेरून नेटवर्कवरून येणारं काम, युटिलिटीचे काही भाग, असं ठराविक जातं. पण म्हणूनच त्या रात्रीत डीबीटूच्या युटिलिटी चालत असतील तर त्यांचं झिपवर जाऊ शकणारं काम खरंच झिपवर जातंय की ओव्हरफ्लो होऊन जनरल इंजिनावर येतंय ते वर्कलोड रिपोर्टमध्ये आयआयपीसीपी या नावाखाली दिसेल, तेवढं बघून घ्या. क्रम चांगला आहे. फक्त रिपोर्ट जॉब हलवताना सोमवार दुपारच्या ऑनलाइनचा परफॉर्मन्स इंडेक्सही त्याच दोन आठवड्यांत नोंदवून ठेवा, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ एक तास मागे जातं, बॅच इथे साडेआठला सुरू होईल, एसएमएफच्या वेळा तिकडच्या लोकल घड्याळाच्या असतात, तो आठवडा बेसलाइनमध्ये धरू नका.